कारल्याची माशी आणि मामांची उधारी

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी ऐरोलीत राहते आणि रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत भाज्या-फळांतले कीटकनाशकांचे अंश तपासते. माहेर शहापूर तालुक्यात. बाबांनी यंदा सव्वा एकरात मांडवावर कारली केलीत. निर्यातीसाठी दिलेला माल वाशीहून परत आला, फळात अळी निघाली म्हणून. मग बाबांनी लागोपाठ फवारण्या केल्या आणि पुढचा माल कल्याणच्या बाजारात घातला. घरून आणलेली चार कारली मी आमच्या सरांना विचारून मशीनवर लावली. प्रोफेनोफॉस निघालं, किलोला ०.०९ मिलिग्रॅम. औषध दिलं होतं माझ्या सख्ख्या मामांनी. त्यांचं गावात कृषी सेवा केंद्र आहे आणि हंगामभर ते आम्हाला उधारीवर देतात. मामा म्हणतात, 'कारल्याला वेगळं औषधच येत नाही, सगळे हेच मारतात.' बाबा म्हणाले, 'तू आता आमच्याच घरावर धाड घालणार का?' आई म्हणते, भावाचं नाव घेऊ नकोस. एवढी विद्यापीठं, एवढी संशोधन केंद्रं, आमच्या बांधावर कधी कुणी फिरकलं नाही. हा पैसा जातो कुठे? आणि मी नेमकं काय करू? — एक लेक, ऐरोली"

लेकी, तुझ्या मामांचं वाक्य आधी घेते, कारण ते बरंचसं खरं आहे. आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली औषधाची नोंदणी होते ती पीक आणि कीड धरून. डब्याबरोबर जी घडीची चिठ्ठी येते, तिच्यावर लिहिलेलं असतं की हे अमुक पिकावर, अमुक किडीसाठी, एवढ्या प्रमाणात, आणि मारल्यावर इतके दिवस तोडणी करू नका. द्राक्षवाले याला लेबल क्लेम म्हणतात आणि तो त्यांना तोंडपाठ असतो. आता हा क्लेम मिळवायचा तर कंपनीला त्या पिकावर चाचण्या घ्याव्या लागतात, अंश मोजावे लागतात, फाइल करावी लागते. कपाशी, भात, सोयाबीन, मिरची यांच्यासाठी हा खर्च निघतो. कारलं, पडवळ, दोडका यांच्यासाठी कोण करणार? त्यामुळे कपाशीच्या अळीसाठी विकलं जाणारं प्रोफेनोफॉस गुपचूप कारल्याच्या मांडवाखाली येतं. मामांनी ते शोधून काढलेलं नाही. त्यांना ते कंपनीच्या माणसानं सांगितलं असेल, किंवा शेजारच्या दुकानदाराचं पाहून त्यांनीही ठेवलं असेल.

खरं आहे म्हणून ते चालेल, असं मात्र नाही. ०.०९ हा आकडा तुला कळतो, बाबांना कळणार नाही. युरोपची मर्यादा ०.०१ आहे. म्हणजे शंभर टन कारल्यात एक ग्रॅम. आपल्याकडेही एखाद्या भाजीत एखाद्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर तोच ०.०१ धरतात. म्हणजे निर्यातीला चालत नाही तो माल कल्याणला घातला की प्रश्न मिटला, असं होत नाही. कल्याणच्या मार्केटमधून ती कारली डोंबिवली, ठाणे, कदाचित तुझ्या ऐरोलीच्या भाजीवाल्याकडेच जातात. परदेशी माणसाला चालत नाही ते आपल्या माणसाला चालवून घेण्याची आपल्याला सवय आहे, तिचा मला राग येतो. तो इथेच सोडते.

आता बाबांची अडचण बघ. कारली दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागतात, नाहीतर ती पिकतात आणि भाव जातो. समज, औषधाच्या चिठ्ठीवर सात दिवस थांबा असं लिहिलंय. सात दिवसांत दोन-तीन तोडे होतात. ते सगळे टाकून देणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. म्हणजे बाबा कितीही प्रामाणिक असले, तरी फवारणीच्या रस्त्यानं हे गणित सुटतच नाही. फवारलं नाही तर अळी, फवारलं तर अंश. वाशीहून माल परत येणार तो दोन्ही कारणांनी.

आणि फवारून ती अळी मरते तरी का? फळमाशीची मादी कोवळ्या कारल्याला डंख मारते आणि सालीच्या आत अंडी घालते. अळी आत गर खात वाढते. कारलं वाकडं होतं, पिवळं पडतं, गळून मांडवाखाली पडतं. अळी त्यातून बाहेर येते, दोन-चार बोटं मातीत शिरते, कोष करते आणि नवी माशी होऊन वर येते. हवा गरम असली की हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकतं. या चक्रात अळी एक तर फळाच्या आत असते, नाहीतर जमिनीत. तुझे बाबा औषध मारतात ते फळाच्या बाहेरून. त्या वेळी पानावर बसलेल्या चार माश्या मरतात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकडीतून आठ येतात.

हे जे मी तुला सांगतेय, ते कुठल्या दुकानदाराला किंवा कंपनीला सुचलेलं नाही. तू विचारतेस ना पैसा जातो कुठे, तर थोडा इथे गेलाय. बिहारमधल्या पुसा इथे ब्रिटिश सरकारची शेती संशोधन संस्था होती. पुढे १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीला गेली. त्याच्या खूप आधी, पुसाला असताना, तिथे एफ. एम. हाऊलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास चावू नयेत म्हणून कुणीतरी लावलेल्या सिट्रोनेला तेलावर फळमाश्यांची झुंबड उडते, हे त्यांच्या ध्यानात आलं. पाहिलं तर सगळे नर. १९१२ मध्ये त्यांनी ते छापलं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या तेलाच्या मागे लागून आंब्याच्या फळमाशीला ओढणारा पदार्थ शोधला, मेथिल युजेनॉल. आज कोकणात आंब्याच्या झाडाला जे सापळे लटकलेले दिसतात, त्यांचं मूळ तिथे आहे. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच जातकुळीचा.

पण कारल्याची माशी आंब्याच्या माशीची चुलत बहीण आहे, सख्खी नाही. तिचे नर मेथिल युजेनॉलकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना लागतं क्यूल्यूर, आणि ते निघालं अमेरिकी कृषी खात्यानं हवाई बेटांवर चालवलेल्या शोधातून, १९६० च्या आसपास. हे मला इतकं पक्कं का माहीत, ते सांगते. कृषी खात्यातल्या नोकरीच्या सुरुवातीला मुरबाडकडे असताना मी एका गावात काकडीच्या मांडवांना सापळे लावायला लावले होते. हाती होत्या त्या आंब्याच्या सापळ्यातल्या, मेथिल युजेनॉलच्या आमिषाच्या वड्या. म्हटलं, फळमाशी ती फळमाशी. महिनाभर सापळे कोरडे ठणठणीत, काकडी किडलेली, आणि चावडीवर माझं नाव 'रिकाम्या डब्यांची बाई'. पुढची दोन वर्षं त्या गावात मी काही सांगायला गेले की लोक आधी हसून घ्यायचे. तेव्हा दुकानात गेलीस की वेष्टनावर 'क्यूल्यूर' हा शब्द स्वतः वाच. दुकानदारानं 'हेच चालतं ताई' म्हटलं तरी.

तुझ्याच कामाशी जवळची एक गोष्ट सांगते. अमेरिकेत मका, सोयाबीन, कापूस अशी मोठी पिकं वगळून फळं, भाज्या, सुकामेवा, फुलझाडं यांना मिळून 'स्पेशल्टी क्रॉप' म्हणतात. तिथेही कंपन्यांचं हेच, छोट्या पिकाला वाली नाही. म्हणून १९६३ मध्ये तिथल्या सरकारी संशोधन केंद्रांनी 'आयआर-४' नावाचा प्रकल्प सुरू केला. शेतात चाचण्या घ्यायच्या, तोडलेल्या मालाचे नमुने तुझ्यासारख्या मुलामुलींनी मशीनवर लावायचे, आणि ते आकडे नोंदणी खात्यापुढे ठेवायचे, म्हणजे त्या छोट्या पिकाच्या शेतकऱ्याला कायदेशीर औषध मिळतं. साठ वर्षं झाली, सरकारी पैशावर हे काम अजून चालू आहे. आपल्याकडेही कीटकनाशकांच्या अंशांवर अखिल भारतीय जाळे प्रकल्प आहे आणि विद्यापीठांत त्याची केंद्रं आहेत. पण आपल्याकडच्या भाज्यांची यादी लांब, आणि पडवळ-कारल्याचा नंबर उशिरा लागतो. तुझी तक्रार इथे मला पूर्ण मान्य आहे.

ओकिनावाचं सांगितल्याशिवाय मात्र मला राहवत नाही. जपानच्या दक्षिणेला ही बेटं आहेत आणि तिथल्या लोकांची लाडकी भाजी कोणती, तर कारलं. गोया म्हणतात त्याला. तिथे हीच, अगदी हीच तुझ्या बाबांच्या मांडवातली माशी होती, आणि ती पसरू नये म्हणून गोया जपानच्या मुख्य बेटांवर पाठवायला बंदी होती. १९७२ मध्ये सरकारनं कुमे नावाच्या लहान बेटावर प्रयोग सुरू केला. आधी क्यूल्यूरनं नर कमी केले. मग कारखाना काढून माश्या वाढवल्या, त्यांच्यावर गॅमा किरण सोडून त्या वांझ केल्या आणि हेलिकॉप्टरनं सोडल्या. रानातल्या माद्या या वांझ नरांशी जुळल्या की अंडी फुकट. अब्जावधी माश्या सोडल्या. १९९३ मध्ये सगळ्या बेटांवरून माशी संपली आणि गोया जपानभर विकला जाऊ लागला. वीस वर्षं लागली. आणि संपल्यावर विकायला काय उरलं? ना बाटली, ना वडी. जे काम तडीस गेलं की दुकानात ठेवायला काही शिल्लकच राहत नाही, त्यात कंपनी पैसा का घालेल? ते सरकारच करणार, किंवा कुणीच नाही.

(तेच गॅमा किरण आपल्याकडे वाशीला आहेत, पण तिथे ते माशीवर न सोडता फळावर सोडतात. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किरणांची किमान ४०० ग्रे इतकी मात्रा देतात. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, या तंत्रावर त्यांनी अनेक वर्षं काम केलंय. ऑफिसला जाता-येता हे आठवलं तर बरं वाटेल.)

आपलं शहापूर काही बेट नाही. माशी समूळ जाणार नाही. तिला कमी ठेवता येतं, आणि ते कामही एकट्याचं नाही. निर्यातदारांना २०१४ मध्ये हे चांगलंच कळलं. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या २०७ खेपांत कीड सापडली, म्हणून युरोपनं १ मेपासून हापूससकट सगळा आंबा, आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू बंद केलं. वर्तमानपत्रांत रडारड फक्त हापूसची झाली. ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवण्याची सोय आंब्यासाठी झाली आणि त्याच्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. कारल्या-पडवळाला त्याहून बराच काळ थांबावं लागलं. छोट्या पिकाचं नशीब इथेही तसंच.

बरं, आता घरचं.

बाबांपुढे तो रिपोर्ट पुन्हा काढू नकोस. लेकीनं मशीनवर लावून आणलेला आकडा बापाला आरोपच वाटतो, त्यात नवल नाही. त्याऐवजी एक बघ: मांडवाची फवारणी करताना माणूस मान वर करून मारतो. औषध पानांवरून ओघळून तोंडावर, मानेवर, डोळ्यांत येतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, आणि कपाशी तर मांडवासारखी डोक्यावर नसते. बाबा काय घालून फवारतात, संध्याकाळी डोकं दुखतं का, मळमळतं का, हे आईला विचार. तिला माहीत असतं, ती बोलत नाही एवढंच. खाणाऱ्याच्या ताटात जाणारा अंश मोजायला तुझं मशीन लागतं, बाबांच्या अंगावर पडतं ते मोजायला काहीच लागत नाही. याच बाजूनं बोललीस तर भावाचं नाव न घेता आईही तुझ्या बाजूला येईल.

निर्यातदाराला स्वतःहून कळवायला जाऊ नकोस. तो माल त्याच्याकडे गेलेलाच नाही. पण आत्ता शेवटची फवारणी झाल्यापासून अंश उतरेपर्यंतचे तोडे बाजारात जाऊ नयेत, यावर अडून बस. प्रोफेनोफॉसच्या चिठ्ठीत कारल्याचं नाव नसल्यामुळे दिवसही लिहिलेले नसणार, म्हणून तुझं मशीनच वापर. आठवड्यानं एक नमुना, पुन्हा आठवड्यानं एक. दोन-तीन तोड्यांचे पैसे गेले तर ते तू दे. पगार आहे तुला, आणि मी हे मुद्दाम म्हणतेय. सल्ला देणाऱ्यानं नुकसानीत वाटा उचलला की सल्ल्याला वजन येतं.

मग येत्या रविवारी कसाऱ्याची लोकल पकडून आसनगावला उतर, सोबत क्यूल्यूरचे सापळे घे. एकरी पाचेक पुरतात, तुमच्या मांडवाला सहा-सात घे. पण पहिल्या दिवशी एकच टांग, बाबांच्या रोजच्या वाटेवर, आणि काही बोलू नकोस. दोन-तीन दिवसांत डब्याच्या तळाशी नर साचलेले त्यांना दिसतील. माझ्या इतक्या वर्षांच्या व्याख्यानांनी झालं नाही ते त्या डब्यानं होतं. मात्र सापळ्यात फक्त नर पडतात, हे त्यांना तेव्हाच सांग, नाहीतर डबा भरला म्हणजे काम झालं असं वाटतं. शेजारच्या मांडवातून जुळून आलेली मादी तुमच्या कारल्यावर बसणारच. म्हणून दोन्हीकडच्या बांधावाल्यांनीही लावले पाहिजेत.

खरं काम सापळ्यापेक्षा खाली पडलेल्या कारल्याचं आहे. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणून कुणी करत नाही. दर तोड्याला डंखलेली, वाकडी, गळालेली सगळी कारली वेचायची. बांधावर फेकायची नाहीत, उकिरड्यावर तर नाहीच, तिथून माश्या निघतात. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधून चार-आठ दिवस उन्हात ठेवायची, नाहीतर दोन-अडीच फूट खोल पुरायची. मांडवाखालची माती अधूनमधून हलवायची, कोष वर येतात, उन्हानं आणि कोंबड्यांनी संपतात. हंगाम संपला की वेल महिनोन् महिने तसेच वाळत ठेवायचे नाहीत. गुळाचं आमिष करून कडेला मारायचीही पद्धत आहे, पण त्यात औषध घालावं लागतं, आणि कोणतं ते मी इथून सांगणार नाही. ते तालुका कृषी अधिकाऱ्याकडून घे, लेखी.

त्यांच्याकडे जाताना 'आमच्याकडे कुणी येत नाही' असं सुरू करू नकोस. मी त्या खुर्चीच्या पलीकडे बसलेली आहे, हे वाक्य ऐकलं की कान आपोआप बंद होतात. एकच नेमका प्रश्न ने: कारल्यावर फळमाशीसाठी सध्या चालणारी शिफारस कोणती, आणि यातल्या कुठल्या औषधाला कारल्याचा लेबल क्लेम आहे? चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी दरवर्षी संयुक्त बैठकीत, ज्याला खात्यात सगळे 'ॲग्रेस्को' म्हणतात, मंजूर होऊन येतात. त्या कुठेतरी फाइलमध्ये असतातच. त्यांना शोधायला लाव. दापोलीला पत्र किंवा मेल टाक. १८००-१८०-१५५१ हा किसान कॉल सेंटरचा नंबर बाबांच्या फोनमध्ये घाल, मराठीत बोलतात. संशोधन बांधावर यायला पाहिजे, यात वाद नाही. येईपर्यंत बाबांनी वाट बघावी, असं मात्र मी म्हणणार नाही.

राहिले मामा. बँक देत नाही ते हंगामभर उधार देणारा माणूस शत्रू नसतो, आणि आई त्याला शत्रू होऊ देणार नाही. यंदाची उधारी पूर्ण फेडा, त्यात एक रुपयाही अडवू नका. फेडल्यावर तूच जा, बाबांना पाठवू नकोस, आणि त्यांना सांग की पुढच्या हंगामात आम्हाला क्यूल्यूरच्या वड्या लागतील, तुम्ही ठेवा, आम्ही आणि बांधावाले तुमच्याकडूनच घेऊ. वडी सहा-आठ आठवड्यांनी बदलावी लागते, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. बाटलीएवढा नफा नाही त्यात, ते कुरकुरतील. कुरकुरू दे. दुकानदार कुरकुरत का होईना, जे खपतं ते ठेवतो.

पहिल्या आठवड्यात एका डब्यात किती नर पडले, ते मोजून मला लिही. शून्य असतील, तर आधी वेष्टन बघ.